किल्ली कुणाजवळ?

व्यापारी घरातील माणूस पूर्वी पेढीच्या नावावरून ओळखला जाई. अलीकडे त्याच्या हातातील फोनवरूनही त्याची ओळख ठरू लागली आहे. लग्नकार्यात चार माणसे बसली की बाजारभाव, पाऊस आणि जीएसटी या तीन विषयांनंतर चौथा विषय फोनचा निघतो, आणि तेथे मला हमखास विचारले जाते, ‘‘तुम्ही इतकी वर्षे ॲपललाच धरून कसे राहिलात?’’ प्रश्नात थोडे कौतुक असते, थोडी थट्टाही असते. आजवर मी हसून वेळ मारून नेली. या महिन्यात मात्र उत्तर द्यावे म्हणतो. ते हिशेबासारखे मांडावे लागेल आणि त्यात जमेइतकीच नावेची बाजूही आहे.

सांगलीत आमचे हळदीच्या अडतीचे दुकान. मुंबईला छपाईच्या व्यवसायात असलेल्या मामांनी १९९४ साली नवा संगणक घेतला आणि आपला जुना ‘मॅकिंटॉश क्लासिक’ मला दिला. एसटीच्या प्रवासभर तो मी मांडीवर धरून आणला. पडदा जेमतेम नऊ इंचांचा, तोही काळा-पांढरा. पण सारे यंत्र एकाच पेटीत सामावलेले. सुरू करताच पडद्यावर संगणकाचे हसऱ्या चेहऱ्याचे चिमुकले चित्र उमटे. १९८४ साली पहिला मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हा बहुतेक संगणकांना आज्ञा टंकून द्याव्या लागत. येथे मात्र चित्रावर बाण नेऊन कळ दाबली की काम होई. दुकानाच्या हिशेबाला त्याचा उपयोग झाला नाही. तो हिशेब पुढे टॅलीवर गेला आणि टॅली चाले वेगळ्या यंत्रांवर. त्यामुळे मॅक घरातच राहिला, माझ्या एकट्याच्या हौसेचा.

आजोबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. दोन दिवस त्यांनी ती पेटी दुरूनच न्याहाळली आणि तिसऱ्या दिवशी विचारले, ‘‘ह्यात लिहिलेलं वाळवी खात नाही ना?’’

‘‘नाही, आजोबा.’’

‘‘मग मी सांगतो, तू लिही.’’

१९९५ च्या मे महिन्यात रोज दुपारी ते सांगत आणि मी टंकीत असे. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव कसा ठरे, शब्दावर गाडी कशी रवाना होई, कोणत्या वर्षी कोणी हात वर केले आणि कोणी घर विकून देणी फेडली, असे कितीतरी. सर्वाधिक रंगून ते हरिपूरच्या पेवांविषयी बोलत. तोंड अरुंद आणि पोट विशाल अशी जमिनीतील कोठारे. हळद भरून तोंड बंद केले, वर माती लोटली की माल वर्षानुवर्षे टिके. मात्र पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे, कारण आत कोंडलेली हवा जीवघेणी असे. आधी दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचे, तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा. असे सारे सांगणे त्रेचाळीस पानांचे झाले. मी ते यंत्रात साठवले आणि एक प्रत फ्लॉपीवर घेतली. पुढे तीन वर्षांनी आजोबा गेले.

त्यानंतर या कंपनीशी माझे नाते जडत गेले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तिची कथाही मोलाची आहे. १९९७ साली ती बुडण्याच्या बेतात होती. तेव्हा तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले ते तिच्याच प्रतिस्पर्ध्याने, मायक्रोसॉफ्टने. १९८५ साली कंपनीबाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांनी त्याच वर्षी पुन्हा सूत्रे हाती घेतली. जुने निर्दयपणे मागे टाकण्याचे धाडस हे या कंपनीचे वैशिष्ट्य. १९९८ च्या आयमॅकमध्ये तिने फ्लॉपीची खाचच ठेवली नाही. संगणकाचा मेंदू म्हणता येईल असा प्रोसेसर तिने १९९४, २००६ आणि २०२० असा तीनदा मुळापासून बदलला. २०१६ साली आयफोनमधून हेडफोनचे छिद्रही काढून टाकले. दर वेळी लोक कुरकुरले आणि दर वेळी मी तिची बाजू घेतली. पांढरे आयबुक आले, मग मॅकबुक, मग आयफोन. नवे यंत्र घेताना जुन्याचा कधी विचारच केला नाही. क्लासिक माळ्यावर गेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातील आमच्या घरात आणि दुकानात पाणी शिरले. ओसरले तेव्हा खालच्या कपाटातील साठ-सत्तर वर्षांच्या वह्यांचा लगदा झालेला होता. आजोबांच्या हातचे एक पानही उरले नाही. तेव्हा मला ती त्रेचाळीस पाने आठवली.

फ्लॉपी सापडली. ती वाचणारे उपकरण एका मित्राकडून आणले. मजकूर नव्या संगणकावर उघडलाही, पण पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता खच होता. कारण साधे होते. त्या काळी मराठी फाँट तयार करणारा प्रत्येक जण अक्षरांना आपल्या मर्जीने क्रमांक देई. तो फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नसे. आज युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच असतो. आमचा मजकूर त्या व्यवस्थेच्या बाहेरचा होता आणि तो फाँट फक्त माळ्यावरच्या पेटीत होता.

माळ्यापर्यंत पाणी पोहोचले नव्हते. पुण्यातील एका जाणत्या कारागिराने वयपरत्वे निकामी झालेले सुटे भाग बदलून दिले. घरी आणून कळ दाबली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचाच तो हसरा चेहरा उमटला. वर्षांचा हा आकडा मी पुढे कधीतरी मोजला. त्या क्षणी डोळ्यांपुढे फक्त आजोबा होते. मी नऊ इंची पडद्यावरून वाचत गेलो आणि माझी मुलगी नव्या संगणकावर युनिकोडमध्ये टंकत गेली. दिवाळीची सारी सुटी त्यात गेली. आजोबांचे सांगणे वाळवीने खाल्ले नव्हते हे खरे, पण ते आमच्यापर्यंत पोहोचले ते केवळ एक जुनी पेटी भंगारात टाकायची राहून गेली म्हणून.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, हे सारे शेजारी बसून ऐकत होते. एके दिवशी म्हणाले, ‘‘वह्या गेल्या. आता मीही सांगून ठेवतो.’’ त्यांना टंकणे जमण्यासारखे नव्हते. माझा जुना आयफोन मी त्यांना दिला आणि आवाज ध्वनिमुद्रित करणारे तांबडे बटण दाखवले. फोन हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला आणि अडतदाराला शोभेल असा प्रश्न विचारला, ‘‘ह्याची किल्ली कुणाजवळ?’’

‘‘तुमच्याच डोक्यात,’’ मी हसून म्हणालो. सहा अंक त्यांनी मनाने ठरवले. मी विचारले नाहीत. वडिलांना असे विचारणे मला शोभेना.

पुढची अडीच वर्षे ते पहाटे ओसरीवर बसून बोलत. आई सांगते, कधी हसत, कधी बराच वेळ गप्प राहत. २०२२ च्या पावसाळ्यात ते गेले. चार दिवसांनी फोनची बॅटरी संपली. पुन्हा सुरू केला तेव्हा त्याने सहा अंक मागितले. त्यांचे जन्मवर्ष, लग्नाची तारीख, दुकानाच्या स्थापनेचा दिवस, जुन्या गाडीचा क्रमांक, असे आठ प्रयत्न चुकले. प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा काळ वाढत जातो आणि दहाव्या चुकीनंतर फोन कायमचा मिटतो. आम्ही आठव्यावर थांबलो.

वाचकहो, येथे मला एक जुनी गोष्ट आठवते. २०१६ साली अमेरिकेत एका गुन्हेगाराचा आयफोन उघडण्यासाठी न्यायालयाने कंपनीला साहाय्य करण्याचा आदेश दिला. कंपनीने त्याला विरोध केला. एका फोनसाठी दार केले तर ते सर्वांच्याच फोनला होईल, असे तिचे म्हणणे होते. तेव्हा दुकानात बसून मी या बाण्याचे तोंडभर कौतुक केले होते. आजही ती भूमिका मला योग्य वाटते. फोनचा अंक कंपनीकडेही नसतो, म्हणून तर आपण त्यात घरदार ठेवतो. पण तीच भिंत आता अण्णांच्या आवाजासमोर उभी होती. भिंतीला चोर आणि मुलगा यांतला फरक कळत नाही. तो आधी सांगून ठेवावा लागतो, आणि ते काम माझे होते.

शिवाय आणखी एक चूक माझीच. कंपनी आयक्लाउडवर पाच जीबी जागा विनामूल्य देते. ती भरली तेव्हा दरमहा थोडे पैसे भरण्याऐवजी मी अण्णांच्या फोनची तिकडे जाणारी प्रतच बंद केली होती. हळदीच्या एका पोत्याच्या किमतीपुढे ती रक्कम काहीच नव्हती.

मजकूर ज्याला त्याला उघडा होता, पण वाचता येत नव्हता, असे आजोबांचे झाले. अण्णांचा आवाज आज कोणत्याही यंत्रावर ऐकता येईल असा आहे, पण उघडता येत नाही. दोन्ही वेळी यंत्रे उत्तम होती. उणीव राहिली ती आमच्या व्यवहारात. ब्रँडवर विश्वास ठेवणे गैर नाही. आपला सारा व्यापार साखेवरच उभा आहे. पण साख त्या कंपनीची असते, वही मात्र आपल्या घरची असते, आणि घरची वही कोणत्या पेटीत, कोणत्या लिपीत आणि कोणाच्या किल्लीत आहे हे पाहणे हे घरच्यांचेच काम आहे. माझ्या प्रेमापोटी मी ते काम कंपनीवर सोपवून मोकळा झालो होतो.

म्हणून आता आमच्या घरी काही नेम ठरले आहेत. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून वारसदार नेमण्याची सोय दिली आहे. अण्णांच्या हयातीतच ती आली होती, मलाच ठाऊक नव्हती. सेटिंग्जमध्ये सर्वांत वर असलेल्या आपल्या नावात शिरून ‘साइन-इन अँड सिक्युरिटी’मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ शोधावा. असे पाच जण नेमता येतात. प्रत्येकास एक संकेत मिळतो. तो कागदावर छापून ठेवावा. आपल्या पश्चात तो संकेत आणि मृत्यूचा दाखला सादर केला की त्यांना आपल्या खात्यातील छायाचित्रे, टिपणे, फायली आणि फोनच्या साठवलेल्या प्रती पाहता येतात. ही मुभा तीन वर्षांची असते, तेवढ्यात सारे उतरवून घ्यावे. साठवलेले पासवर्ड आणि बँकेच्या कार्डांचा तपशील मात्र यातून मिळत नाही, आणि जे आयक्लाउडवर गेलेलेच नाही तेही मिळत नाही. तेव्हा त्या प्रती चालू आहेत ना, हे आधी पाहावे.

दुसरा नेम असा की, फोनचा अंक बंद पाकिटात लिहून तिजोरीत ठेवायचा आणि बदलला की पाकीटही बदलायचे. तिसरा, जपण्यासारखे जे असेल ते वर्षातून एकदा दुसऱ्या डिस्कवर साध्या स्वरूपात उतरवायचे, आणि अगदी मोलाचे असेल ते कागदावरही छापून घ्यायचे. पेवात कंदील सोडून पाहण्यासारखेच हे आहे. दर वर्षी उघडून पाहिले तर आत काय आहे आणि ते जिवंत आहे का, हे कळते.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाला नव्या वहीशेजारी चार पाकिटे ठेवली होती. मुलीने स्वतःचे पाकीट चिकटवून आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, हाती दिले. आईने ती चारही तिजोरीत ठेवली. तेथेच अण्णांचा फोन आहे. दर महिन्याला मी तो चार्ज करतो. दोन प्रयत्न शिल्लक आहेत. एक अंक आईला सुचला आहे, पण तो वापरण्याची तिची अजून तयारी नाही, आणि आम्हीही तिला घाई करीत नाही.