सेंट्रल पार्कमधला चौथा पुतळा

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एल्म वृक्षांच्या छायेतला ‘मॉल’ नावाचा रुंद पायरस्ता आहे. त्याच्या दक्षिण टोकाला साहित्यिकांचे पुतळे असल्याने त्या भागाला ‘लिटररी वॉक’ म्हणतात. शेक्सपिअर, वॉल्टर स्कॉट आणि रॉबर्ट बर्न्स यांची ओळख करून द्यावी लागत नाही. चौथा ब्राँझचा पुतळा फिट्झ-ग्रीन हॅलेक यांचा. खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेले, हातात पिसाची लेखणी आणि वही. चौथऱ्यावरचे नाव वाचूनही बहुतेकांना काही उलगडा होत नाही.

हॅलेक १७९० साली कनेक्टिकटमधल्या गिलफर्डला जन्मले आणि न्यूयॉर्कमध्ये एका पेढीवर कारकून झाले. १८१९ साली जोसेफ रॉडमन ड्रेक या मित्राच्या जोडीने त्यांनी ‘क्रोकर’ या टोपणनावाने वर्तमानपत्रात शहरातल्या बड्या मंडळींची टर उडवणाऱ्या कविता लिहिल्या. कवी कोण, याची गावभर चर्चा झाली. दुसऱ्याच वर्षी ड्रेक ऐन पंचविशीत क्षयाने गेले. त्यांच्यावरची हॅलेकची शोककविता आणि ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातल्या वीरावरची ‘मार्को बोझारिस’ खूप गाजल्या. दुसरी तर शाळकरी मुले तोंडपाठ म्हणत. पुढे हॅलेक कोट्यधीश जॉन जेकब ॲस्टर यांचे चिटणीस झाले. ॲस्टरने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी वर्षाला २०० डॉलर ठेवले. हिशेब चोख म्हणायचा! हॅलेक गावी परतले आणि १८६७ साली वारले.

जेम्स विल्सन अलेक्झांडर मॅकडोनाल्ड यांनी घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण १५ मे १८७७ रोजी खुद्द राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी केले. कवी विल्यम कलेन ब्रायंट यांचे भाषण झाले. हजारोंच्या गर्दीत उद्यानाची हिरवळ पार तुडवली गेली.

एवढा मान मिळालेला कवी विस्मरणात का गेला, याचे कारण त्याच्या लेखनातच आहे. विनोद शहरातल्या ताज्या कुचाळक्यांवर बेतलेला. माणसे गेली, संदर्भ गेले, तशी त्यातली धारही गेली. शिवाय उतारवयात त्यांनी फारच थोडे लिहिले. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या वॉल्ट व्हिटमनचे ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५ साली निघाले होते, पण या रांगेत तो नाही. इथे पुतळा असलेले अमेरिकी लेखक आजही एकटे हॅलेकच आहेत.