रीडिंग 'बसवू' नका!

जर्नल लिहिताना ग्राफवरचा एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की बहुतेकांचा हात थेट खोडरबरकडे जातो. 'रीडिंग बसवणं' हा जणू सिलॅबसचाच भाग झालाय. माझं म्हणणं एवढंच की, तो चुकार बिंदूच कधीकधी खरी बातमी देत असतो. पुरावा हवा? आकाशात बघा.

ययाती तारकासमूहातला अल्गोल ही खरं तर दोन ताऱ्यांची जोडी. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो आणि अल्गोल नुसत्या डोळ्यांना कळेल इतका फिका पडतो. जॉन गुडरिक या ऐकू न येणाऱ्या, अवघ्या १८ वर्षांच्या मुलाने १७८३ मध्ये हे वेळापत्रक मांडलं.

पण हे ग्रहण कधी काही मिनिटं लवकर, तर कधी उशिरा दिसतं. कारण या जोडीला तिसरा सोबती आहे. त्याच्या ओढीने अख्खी जोडी सुमारे ६८० दिवसांत एक फेरी मारते. कधी आपल्या जवळ येते, कधी लांब जाते.

साक्रीहून एसटीने धुळ्याला येणारा डबा आठवा. घरचे महिनाभर पिंपळनेरच्या शेतावर राहायला गेले आणि डबा त्याच वेळी तिथून निघाला, तरी इथे उशिराच पोचणार. स्वयंपाक वेळेवरच झाला, अंतर वाढलं! प्रकाशाचंही तसंच. पृथ्वी-सूर्याएवढं अंतर वाढलं, तर ८ मिनिटं २० सेकंद उशीर. गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांतला असाच उशीर पाहून रोमरने १६७६ मध्ये सांगितलं, की प्रकाशालाही पोचायला वेळ लागतो.

अर्थात, एका उशिरावरून सोबती सिद्ध होत नाही. घड्याळ चुकलेलं असेल, किंवा ताऱ्यांतल्या वस्तुमानाच्या देवघेवीने मूळ कालावधीच बदलला असेल. फरक ठरावीक तालात परत येतो का, हे वर्षानुवर्षांच्या प्रामाणिक नोंदीच सांगतात. अशा नोंदींतूनच अनेक जोड्यांचे न दिसणारे सोबती सापडले. नोंदी 'बसवल्या' असत्या तर?

सर-मॅडमनाही विनंती आहे: रेषेवर न आलेल्या रीडिंगचे मार्क कापू नका, कारण विचारा. मार्क जातात म्हणूनच पोरं खोडरबर उचलतात. आणि उद्या हीच पोरं पुलाचे, बॉयलरचे रिपोर्ट लिहिणार आहेत. तिथे बसवलेलं रीडिंग कुणाच्या तरी जिवावर बेतेल. बघा, पटतंय का!