राहून गेलेल्या दोन मॅचेस

परवा आमच्या नातवाची शाळेची फुटबॉल मॅच पावसानं रद्द झाली आणि स्वारी जेवायलाच तयार होईना. स्पर्धा तिथंच गुंडाळली होती, पुढची तारीख मिळणार नव्हती. सूनबाईंनी समजूत घातली, आजीनं थालीपीठ लावलं, उपयोग शून्य. शेवटी प्रकरण माझ्याकडे आलं. म्हटलं, "बैस इथं. ज्यांचा मोसम असाच अर्ध्यावर राहिला, अशा एका कॉलेजच्या संघाची गोष्ट सांगतो."

वाचकहो, तीच गोष्ट आज तुमच्यासाठी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नावाचं राज्य आहे. तिथल्या सेलम गावात विलामेट नावाचं एक लहानसं विद्यापीठ. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडचा नव्हे. चेंडू लांबुळका, तो हातात धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं. १९४१ च्या मोसमाअखेर या संघाला हवाई बेटांवर खेळायचं आमंत्रण आलं. मोसमाचं बक्षीसच म्हणायचं! प्रशिक्षक स्पेक कीन यांच्याबरोबर पोरं बोटीनं होनोलुलूला निघाली. संघाचे काही चाहतेही हौसेनं सोबत होते.

कार्यक्रम सुटसुटीत होता. ६ डिसेंबरला हवाई विद्यापीठाशी सामना. कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे स्टेट कॉलेजचा संघही तिथं आला होता. त्याची १३ तारखेला हवाईशी आणि १६ तारखेला विलामेटशी गाठ पडायची होती. मधल्या दिवसांत समुद्र आणि भटकंती.

पहिला सामना विलामेट २०-६ असा हरलं. दुसऱ्या दिवशी रविवार. पोरं न्याहारी करून सहलीच्या बसची वाट पाहत हॉटेलात थांबली होती. तेवढ्यात दूरवर धूर दिसू लागला, स्फोट ऐकू येऊ लागले. लष्कराचा सराव चालला असेल, असं आधी वाटलं. पण काही मैलांवरच्या पर्ल हार्बरवर जपानी विमानं बॉम्ब टाकत होती. त्या सकाळी २,४०० हून अधिक अमेरिकन माणसं मेली. सहलीची बस काही आली नाही.

"मग ते घरी गेले?" नातवानं विचारलं.

कसे जाणार? बेटांवर लष्करी कायदा लागू झाला, रात्री दिवे लावायची बंदी आली. जपानी फौज किनाऱ्यावर उतरणार, अशी धास्ती सगळ्यांनाच होती. आदल्या दिवशी चेंडू घेऊन पळणाऱ्या पोरांच्या हातात जुन्या रायफली दिल्या गेल्या. वायकीकीच्या ज्या किनाऱ्यावर पोहायचं ठरलं होतं, तिथं त्यांनी काटेरी तार ओढली. लष्करानं पुनाहू नावाची शाळा ताब्यात घेतली होती. तिच्याभोवती अंधारात त्यांनी पहारा दिला. सॅन होजेची मुलं पोलिसांच्या मदतीला गेली. सोबत आलेल्या बायका-मुली इस्पितळात जखमींची सेवा करू लागल्या. कोणी कोणाला विचारलं नाही, की हे आमचं काम आहे का?

परतायचं कसं, हा प्रश्न होताच. 'प्रेसिडेंट कूलिज' नावाची बोट गंभीर जखमींना घेऊन निघणार होती. आमची मुलं जखमींची काळजी घेतील, या बोलीवर संघाला तिच्यावर जागा मिळाली. १९ डिसेंबरला बोट सुटली. पाणबुड्यांची भीती मनात, आणि समोर भाजलेले, हातपाय गमावलेले, आपल्याच वयाचे सैनिक. त्यांना उचलायचं, भरवायचं, धीर द्यायचा. नाताळच्या दिवशी बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. सॅन होजेचे काही खेळाडू मात्र होनोलुलूच्या पोलिसांतच राहिले.

घरी पोचलेल्यांची सुटका झाली असं नाही. विलामेटचे जवळजवळ सगळे खेळाडू पुढं सैन्यात गेले. त्यांतला एक १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईत कामी आला. १९९७ मध्ये विद्यापीठानं या सबंध संघाला आपल्या क्रीडा सन्मान यादीत स्थान दिलं. एक सामना हरलेला, दुसरा झालेलाच नाही, तरी आख्ख्या संघाचा सन्मान!

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, त्या राहिलेल्या दोन मॅचेस नंतर कधी झाल्या?"

"त्या नाहीच झाल्या, बाळा."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. सकाळी फिरायला निघालो तर हा आपणहून बरोबर आला. कॅम्पाच्या बाजूला मराठा रेजिमेंटचे रंगरूट पळत होते. घामानं निथळलेले, मिसरूडही धड न फुटलेले. "हे दादा किती वर्षांचे असतील?" त्यानं विचारलं. म्हटलं, "असतील अठरा-वीस." त्याच महायुद्धात १९४४ साली इटलीत याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे एकट्यानं शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघं बावीस.

युद्ध म्हटलं की आपल्याला नकाशे, सेनापती, तह आठवतात. पण युद्ध लढायला जातात ती बहुतेक मैदानावरचीच पोरं. देश हाक देतो तेव्हा ती हातातलं टाकून जातात, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्यांनी हातातलं काय टाकलं, तेही आपण आठवणीत ठेवायला हवं.

पावसानं बुडालेली मॅच पुढच्या वर्षी होईल. नातवाला हे आता सांगावं लागलं नाही. घरी आल्यावर त्यानं चिखलाचे बूट स्वतःच धुऊन उन्हात ठेवले.