चाचांचा मोबाईल चाचांच्याच हातात राहू द्या

कात्रज-कोंढवा पट्ट्यात निवृत्त फौजी कमी नाहीत. त्यांचा हयातीचा दाखला दरवर्षी आपणच भरून देतो. “द्या इकडे, चाचा” म्हणत मोबाईल घ्यायचा, त्यांना कॅमेऱ्यात बघायला लावायचं, ओटीपी टाकायचा, पाच मिनिटांत काम फत्ते. वर दुआही मिळते.

पण मनाच्या आरोग्याचं अ‍ॅप असं दुसऱ्याने चालवून भागत नाही. झोप का उडते, कोणता आवाज ऐकून छातीत धडधडतं, हे चाचा नातवासमोर कसं सांगतील? ते त्यांना एकट्याने, स्वतःच्या बोटांनी करता आलं पाहिजे.

सोय आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 हा तिचा नंबर, मोफत आणि चोवीस तास चालणारा. मराठी आणि हिंदी, दोन्हींत बोलता येतं. 2024मध्ये तिचं अ‍ॅप आलं. सैन्यदलांसाठीचा तिचा खास कक्ष तर 1 डिसेंबर 2023 रोजी आपल्याच पुण्यात, वानवडीच्या एएफएमसीत सुरू झाला.

अडतं ते दोन ठिकाणी. 1971 किंवा कारगिल पाहिलेल्या माणसाला मदत मागणं म्हणजे हार वाटते. आणि घरातले म्हणतात, “ईमान कमजोर झालंय, नमाज वाढवा.” नमाजने धीर मिळतो, हे खरंच. पण शुगर असलेल्याला आपण इन्सुलिन सोडायला सांगतो का? प्रत्येक आजाराला इलाज आहे, हीच तर आपल्या दीनची शिकवण.

म्हणून असरनंतर अर्धा तास चाचांजवळ बसा. अक्षरं मोठी करून द्या. बटण त्यांनाच दाबू द्या. चुकलं तर चुकू द्या, उद्या पुन्हा तेच करा. 14416 सेव्ह करायला लावा. फोनचा लॉक त्यांनी ठरवावा, तुम्ही विचारू नका. समुपदेशक बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागत नाही, हे पक्कं सांगा. मग उठून बाहेर जा, म्हणजे त्यांना मोकळेपणाने बोलता येईल.

मात्र जगण्यात अर्थ नाही असं ते बोलू लागले, तर अ‍ॅपवर सोडून देऊ नका. त्यांच्यासोबत थांबा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.

दाखला भरायला वर्षातून एकदा जातोच आपण. या जुम्म्याला कामाशिवाय जाऊया.