कुत्रा शांत हवा, दबलेला नको

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. हा रस्ता पुढे इंडिया गेटपाशी निघतो. तिथल्याच राजपथावर, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावर, २६ जानेवारी २०१६ रोजी लष्कराचे श्वानपथक २६ वर्षांच्या खंडानंतर संचलनात उतरले. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड मिळून ३६ कुत्री, भोवती बँडचा गजर आणि अफाट गर्दी! आपला मोती मात्र दारावरची बेल वाजताच घर डोक्यावर घेतो.

मोती काही जन्मतः वाह्यात नसतो. त्याला शांत राहायला कुणी शिवकलेलेच नसते. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची आणि जमताच शाबासकी द्यायची, हे सूत्र घरातही चालते.

सुरुवात नावापासून करा. हाक मारल्यावर त्याने तुमच्याकडे पाहिले की त्याच क्षणी पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटे पुरेत. आधी घरात, मग जिन्यात, मग रस्त्यावर. शब्द मात्र सर्वांचा एकच हवा. बाबा म्हणणार 'बस', ताई 'सिट' आणि आजी 'गप रे', तर तो बिचारा गोंधळणारच!

बेलचा सरावही असाच घ्या. घरातल्याच कुणाला बेल वाजवायला सांगा. तो आपल्या सतरंजीवर बसला तरच खाऊ.

फटाक्यांना घाबरत असेल तर दिवाळीच्या बऱ्याच आधी त्या आवाजाचे रेकॉर्डिंग अगदी हळू लावून खाऊ द्या. त्याने शेपटी पायांत घातली किंवा खाऊ नाकारला, तर आवाज आणखी कमी करा. घाबरून जवळ आला तर खुशाल कुरवाळा; त्याने भीती वाढत नाही. थरथर थांबतच नसेल तर पशुवैद्यांना दाखवा.

छडी मात्र हातात घेऊ नका. मार खाल्लेला कुत्रा गप्प बसतो, शांत होत नाही. गुरगुरणे हा त्याचा इशारा असतो. तो मारून बंद केला, तर एखाद्या दिवशी तो न गुरगुरताच चावेल. घरात लहान मूल असेल तर हे विसरून चालणार नाही.