बाटलीतली ताकद

माझी बहीण पाथर्डीची. औंदा उसाच्या फडातच तिच्या कळा सुरू झाल्या. मुकादमानं काय आणलं? एनर्जी ड्रिंकची बाटली! म्हणे, जोर येईल.

गोदीत गोण्या उचलताना मीपण हेच ढोसतो. लेबल वाचा ना भाडखाऊ! गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी नाही, असं छापलंय. आत कॅफिन, लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत.

जोखीम नसेल तर कळांमध्ये बाईला खाऊ-पिऊ द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलं. पाणी, पेज. मग बाजरीची भाकर, अळीव, डिंक. आणि झोप! ती कुठल्या बाटलीत भरणार?

२०१७ साली कायद्यानं बाळंतिणीची पगारी रजा २६ आठवडे केली. फडात मात्र खाडा. उचल फिटायची होती. सातव्या दिवशी बहीण मोळ्या बांधत होती.