वजन उतरते, रक्तदाबाच्या गोळीचा हिशेब कोण ठेवणार?

रत्नागिरी : आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर इंजेक्शन टोचून वजन उतरविण्याचा उपचार आता आपल्याकडेही रुळू लागला आहे. एली लिली कंपनीचे 'मौंजारो', म्हणजेच टिरझेपॅटाइड, मार्च २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. त्यापाठोपाठ जून २०२५ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कचे 'वेगोवी', म्हणजेच सेमाग्लुटाइड, दाखल झाले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने देशी कंपन्यांनी स्वस्त पर्यायांची तयारी आधीपासूनच केली होती. त्यामुळे हा उपचार केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंत वस्त्यांपुरता मर्यादित राहणार नाही, हे उघड आहे. या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र मागे पडला आहे. इंजेक्शन घेणाऱ्या व्यक्तीची रक्तदाबाची गोळी आधीपासून सुरू असेल, तर त्या गोळीचे काय करायचे?

हा प्रश्न मूठभरांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, तर ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. लठ्ठपणा आणि रक्तदाब बहुधा एकाच देहात वस्ती करतात. त्यामुळे हे इंजेक्शन आणि रक्तदाबाची गोळी ही जोडी असंख्य घरांत एकत्र येणार आहे.

झगडा नव्हे, बेरीज

ही दोन औषधे परस्परांशी झगडतात का? साधारणपणे नाही. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉल यांसारख्या नेहमीच्या गोळ्या सुरू असताना ही इंजेक्शने देता येतात आणि चाचण्यांमध्येही ती अशा रुग्णांना दिली गेली आहेत. अडचण बेरजेची आहे. वजन घटले की रक्तदाबही उतरतो. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले आणि वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी उतरला. टिरझेपॅटाइडच्या २०२२ मधील चाचणीत ही घट सात अंकांच्या आसपास होती. चोवीस तास रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने केलेल्या उपअभ्यासात तर मात्रेनुसार ती सात ते साडेदहा अंकांपर्यंत गेलेली दिसली. रक्तदाबाची एखादी गोळी साधारणपणे जेवढे काम करते, त्याच्याशी तुलना व्हावी असा हा आकडा आहे.

ही बाब मुळात स्वागतार्हच आहे. हृदयविकार असलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल रुग्णांवरील २०२३ च्या चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. परंतु शंभर किलो वजनाच्या माणसासाठी ठरविलेली गोळ्यांची मात्रा तो पंच्याऐंशी किलोवर आल्यानंतरही तशीच चालू राहिली, तर औषध जास्त होऊ शकते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, चक्कर, तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. उतारवयात असे एक पडणे खुब्याच्या हाडावर बेतू शकते. अमेरिकेतील माहितीपत्रकांतही याची नोंद आहे. वजनासाठी सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत रक्तदाब फार खाली जाण्याचे प्रमाण १.३ टक्के, तर टिरझेपॅटाइड घेणाऱ्यांत १.६ टक्के आढळले. रक्तदाबाची औषधे आधीपासून घेणाऱ्यांत ते अधिक होते. प्रमाण अल्प आहे. परंतु उपचार घेणाऱ्यांची संख्या वाढेल तशी अशा रुग्णांची संख्याही वाढणार.

पाणी कमी, मूत्रपिंडावर भार

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. मळमळ, उलट्या आणि जुलाब हे या इंजेक्शनांचे सर्वाधिक आढळणारे दुष्परिणाम असून, मात्रा वाढविण्याच्या काळात ते जास्त जाणवतात. भुकेबरोबर पाणी पिण्याकडेही दुर्लक्ष होते. मे महिन्यात कोकणात घामाच्या धारा लागलेल्या असताना शरीरातील पाणी आणि क्षार कमी होण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी रुग्ण लघवी वाढविणारी गोळी घेत असेल, तर तूट आणखी वाढते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल गटातील औषधे एरवी मूत्रपिंडाचे रक्षण करतात; मात्र शरीर कोरडे पडले असता हीच औषधे मूत्रपिंडातील गाळणीचा दाब घटवितात. त्यात अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेनची भर पडली, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा होऊ शकते.

आपण लघवीची गोळी घेतो, हे अनेक रुग्णांना ठाऊकच नसते. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ आहे. गोळीच्या नावापुढील 'एच' हे अक्षर अनेकदा हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढविणाऱ्या औषधाचे, तर 'एएम' ही अक्षरे अम्लोडिपिनची निदर्शक असतात. म्हणूनच इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना गोळीचा केवळ रंग न सांगता पाकीटच दाखविणे श्रेयस्कर.

मधुमेहींच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या जोडीला हे इंजेक्शन आले, की रक्तातील साखर फार खाली जाऊ शकते. साखर उतरल्यावरही चक्कर येते आणि रक्तदाब उतरल्यावरही. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या साखर उतरल्याची धडधड दडवतात. त्यामुळे चक्कर आल्यास तर्क लढवीत न बसता साखर आणि रक्तदाब दोन्ही मोजावेत.

एक रुग्ण, दोन डॉक्टर

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ते पुरुष चाकरीसाठी मुंबईत आणि वडीलधारे गावी, ही येथील जुनी रीत या आकड्यातून दिसते. अशा कुटुंबांत आजाराची कागदपत्रेही विभागली जातात. रक्तदाबाची गोळी लांजा-राजापूरच्या डॉक्टरांनी लिहिलेली, तर इंजेक्शनची चिठ्ठी मुलाने दाखविलेल्या मुंबईच्या तज्ज्ञांची. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात. पण एकाला दुसऱ्याच्या औषधाचा पत्ता नसतो. मात्रा वाढली ती मुंबईत आणि चक्कर आली ती गावी, असे झाले तर दोहोंचा संबंध जोडणार कोण?

यावर उपाय अवघड नाही. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी रक्तदाबासह क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. दंडावर पट्टा बांधण्याच्या यंत्राने घरीच रक्तदाब मोजून तो वहीत लिहावा. मात्रा वाढविल्यानंतरच्या काही आठवड्यांत बसून आणि नंतर उभे राहून, असा दोनदा मोजावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा अंकांनी घसरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. उलट्या-जुलाब थांबत नसतील, तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातील औषध तात्पुरते थांबवायचे काय, हे विचारावे. 'मीठ बंद' असलेल्या रुग्णांनी क्षारसंजीवनी घ्यावी की नाही, हेही आधीच विचारून ठेवावे.

मूल होऊ शकणाऱ्या वयातील स्त्रियांसाठी हा सल्ला अधिकच आवश्यक आहे. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल गरोदरपणात वर्ज्य आहेत. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिरझेपॅटाइड सुरू असताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो.

परस्पर बंद करण्याची घाई नको

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. 'वजन उतरले, आता गोळी कशाला?' असे म्हणून ती परस्पर बंद करणे तितकेच घातक आहे. मेटोप्रोलॉल-अ‍ॅटेनोलॉल गटातील औषध एकाएकी सोडल्यास छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत मजल जाऊ शकते. शिवाय ही गोळी रक्तदाबासाठीच दिलेली असते असे नाही. हृदय निकामी होणे किंवा मूत्रपिंडाचा विकार यांसाठीही ती असू शकते. अशा रुग्णाची गोळी आकडा सुधारला म्हणून काढता येत नाही.

इंजेक्शन सोडल्यावर हिशेब पुन्हा उलटा होतो. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात रुग्णांनी घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत मिळविले आणि रक्तदाबही जवळपास मूळ पातळीवर गेला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसून आले. दरमहा हजारो रुपयांचा खर्च न पेलल्याने मध्येच उपचार सोडणारे आपल्याकडे कमी नसतील. कमी केलेली गोळी त्या वेळी पुन्हा वाढविली गेली नाही, तर पक्षाघाताचा धोका दबक्या पावलांनी परततो.

सार्वजनिक आरोग्ययंत्रणेलाही या बदलाची दखल घ्यावी लागेल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत शेजारचा सिंधुदुर्ग होता. गोळ्या टप्प्याटप्प्याने कशा वाढवाव्यात, याची सोपी पद्धत या उपक्रमाने प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेली. त्या कशा उतरवाव्यात, याचेही तेवढेच स्पष्ट मार्गदर्शन आता तळापर्यंत पोहोचायला हवे. रक्तदाब तपासताना 'वजनाचे इंजेक्शन घेता का?' हा एक प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारला जावा आणि त्याचे उत्तर त्याच्या कार्डावर नोंदविले जावे. औषधविक्रेत्यांनीही ही इंजेक्शने चिठ्ठीशिवाय देता कामा नयेत. तोपर्यंत रक्तदाबाची वही आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे जाण्याची जबाबदारी रुग्णावर आणि त्याच्या घरच्यांवरच राहील.